डॉक्टरांनी नटाकडून काय घ्यावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी ओपीडी आणि रात्री तालीम, अशी माझी बरीच वर्षं गेली. तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस आणि दिवाळी सरली की राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ. हल्ली तरुण डॉक्टरांसाठी संवादाच्या कार्यशाळा घेतो. तिथे, आणि जास्त करून नंतरच्या चहाला, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं माझी आहेत, सगळ्यांना पटतीलच असं नाही.

म्हणजे आम्ही पेशंटसमोर नाटक करायचं?

"नाटकं करू नकोस" असं आपण पोरांना दटावतो ना, गोंधळ तिथूनच सुरू होतो. बोलीत नाटक म्हणजे ढोंग. तालमीच्या हॉलमध्ये मात्र दिग्दर्शक सगळ्यात जास्त ओरडतो तो "खोटं वाटतंय" म्हणून. नटाभोवतीचं सगळं खोटं असतं. राजवाडा प्लायवुडचा, विषाच्या पेल्यात कोकम सरबत. त्या खोट्यात त्याला खरं वागायचं असतं. आपलं नेमकं उलटं झालंय. समोरचा ताप खरा, भीती खरी, आणि आपण डोलावतो ती मान तेवढी खोटी, कारण डोळे रिपोर्टवर आणि कान बाहेर नंबरावरून चाललेल्या भांडणाकडे.

नटाकडून भावनांचं प्रदर्शन शिकायचं नाहीये. शिकायचं ते लक्ष देणं. नाटकाच्या जाहिरातीत "प्रयोग ३०० वा" असं अभिमानाने छापतात, पण सातव्या रांगेत बसलेल्या माणसाचा तो पहिलाच असतो, आणि नटाला तो त्याच्यासाठी पहिल्यासारखा करावा लागतो. तुमच्यासाठी साखर वाढलेला तो या महिन्यातला चाळिसावा पेशंट असेल. त्याच्या घरात मधुमेह आज शिरलाय.

मराठी रंगभूमीवर इतके डॉक्टर आहेत, ते काय उगाच?

यादी मोठी आहे खरी. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियात प्रॅक्टिस करून आलेले, १९६९ साली पूर्णवेळ नट झाले. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचा दवाखाना. १९७२ च्या डिसेंबरात त्यांनी 'घाशीराम कोतवाल' उभं केलं, आणि त्यात नाना फडणवीस झालेले डॉ. मोहन आगाशे पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये मानसोपचाराचे प्राध्यापक होते. आगाशे यांनी उलटी वाटही चालून दाखवली. डिमेन्शियावरचा 'अस्तु' आणि नैराश्यावरचा 'कासव' या सिनेमांच्या निर्मितीत ते होते, आणि आजाराबद्दल लोकांशी बोलायला सिनेमा कसा वापरायचा हे त्यांनी शिकवलं.

पण यावरून नट असलेला डॉक्टर चांगलाच असतो असं काढू नका. मला स्पर्धेत अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं त्याच वर्षी दवाखान्यात मी काय केलं, ते पुढच्या उत्तरात आहे.

ऐकतो की आम्ही! त्यात शिकण्यासारखं काय आहे?

एक आजोबा खोकल्यासाठी आले. मी तपासलं, गोळ्या लिहिल्या, केसपेपर पुढे सरकवला. ते उठले, दारापर्यंत गेले, चपलेत पाय घालताना म्हणाले, "आणि चढाला जरा छातीत भरून येतं, पण ते वयानुसार असेल." ते वयानुसार नव्हतं. त्यांनी बसल्याबसल्याच "डॉक्टर, अजून एक..." अशी सुरुवात केली होती आणि मी "खोकला किती दिवस?" म्हणून ती तोडली होती. हे मला त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं. आजोबा सुदैवाने वेळेत पुढच्या उपचारांपर्यंत पोचले.

अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ साली ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकलं. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मधे बोलला होता. सगळे म्हणतात, थांबवलं नाही तर माणूस थांबणारच नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या रुग्णालयात २००२ साली हेच मोजलं. डॉक्टरांनी गप्प बसायचं, पेशंट आपणहून किती बोलतो ते बघायचं. सरासरी ९२ सेकंद. दीड मिनिट!

नवखा नट कसा ओळखायचा ते सांगतो. समोरच्याचं वाक्य चालू असताना याच्या चेहऱ्यावर याचंच पुढचं वाक्य दिसायला लागतं. तो ऐकत नसतो, क्यू (आपलं वाक्य सुरू करायची खूण) येण्याची वाट बघत असतो. आपल्या चेहऱ्यावर निदान असंच दिसतं. "पोटात जळ..." एवढं कानावर पडलं की ॲसिडिटीची गोळी डोळ्यांत तरळते, आणि पेशंटला ती दिसते. मग तो पुढचं सांगत नाही.

यावरचा उपाय मला पोवाड्यात सापडला. शाहिराच्या मागे झीलकरी असतो, "जी जी रं जी" म्हणणारा. तो कथा पुढे नेत नाही, पण तो थांबला तर शाहीर कोरडा पडतो. पेशंटच्या पहिल्या दीड मिनिटात तुम्ही शाहीर नाही, झीलकरी आहात. "बरं." "मग?" "आणखी?" बस. हा "आणखी?" फार मोलाचा आहे, कारण चपलेत पाय घालताना येणारं वाक्य तो खुर्चीतच बाहेर काढतो.

रोज ऐंशी पेशंट असतात. दीड मिनिट कुठून आणू?

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला कलेचं उत्तर नाही. २०१७ साली ६७ देशांतल्या भेटींच्या वेळा एकत्र मांडल्या गेल्या. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे साधारण दोन मिनिटं. दोन मिनिटांत कोणीही विश्वास कमवू शकेल असं मी म्हणणार नाही. डॉक्टर वाढवा, पदं भरा, ही मागणी आधी.

तरीही, असलेली दोन मिनिटं कशी वाटतात हे आपल्या हातात असतं. कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटकडे सर्जन कधी उभा राहून बोलला, कधी खाटेजवळ बसून. बसला तेव्हा तो प्रत्यक्षात किंचित कमीच वेळ थांबला होता, पण पेशंटना तो जास्त वेळ थांबला असं वाटलं. नटाला हे कोणी सिद्ध करून दाखवावं लागत नाही. रंगमंचावर बसलेला माणूस "मी इथे आहे" म्हणतो, आणि विंगेकडे एक पाय वळवून उभा असलेला "मी निघालो" म्हणतो. राउंडला आपण सगळे विंगेकडे पाय वळवून उभे असतो.

सुरुवात कशी करावी?

तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडायच्या आधी एक क्षण असतो. नट तिथे मागचं सगळं टाकतो. भाड्याची चिंता, मेकअपमनशी झालेली कुरबुर, सगळं. तुमची तिसरी घंटा म्हणजे दाराची कडी. पुढचा पेशंट आत येण्याआधी एक श्वास घ्या आणि आधीच्याचा राग तिथे ठेवा. बाकी मान वर करा, नाव घ्या, स्वतःचं नाव सांगा.

नाव सांगणं मुद्दाम लिहिलं. केट ग्रेंजर ही इंग्लंडमधली डॉक्टर, स्वतः कॅन्सरने आजारी. २०१३ साली रुग्णालयात दाखल असताना तिच्या लक्षात आलं, की येणारे-जाणारे बरेचजण आपलं नावच सांगत नाहीत. तिने "नमस्कार, माझं नाव..." एवढ्याच वाक्याची मोहीम काढली आणि ती देशभर पसरली. सरकारी दवाखान्यातल्या पेशंटला विचारून बघा, ऑपरेशन कोणी केलं. "ते उंच डॉक्टर," असं उत्तर येतं.

आवाजाने खरंच फरक पडतो का?

भरताच्या नाट्यशास्त्रात आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलण्याला 'काकू' म्हटलंय. आपल्या धंद्यातला काकूचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे "काही नाही" हे वाक्य. ईसीजी बघत, मान खाली घालून, तुटक म्हटलं तर अर्थ होतो: उगाच आलात, वेळ घालवलात. डोळ्यांत बघून, 'काही'वर थोडं थांबून म्हटलं तर: मी नीट बघितलंय, आता घाबरू नका. शब्द तेच. रात्रभर छातीवर हात ठेवून बसलेल्या बाईला पहिला अर्थ ऐकू आला, तर ती उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि तिथे पुन्हा ईसीजी काढते.

भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांनी २००२ साली सर्जन लोकांच्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले, शब्द कळणार नाहीत असे गाळले, फक्त सूर ठेवला. ज्यांचा सूर हुकमी होता, त्यांच्यावर आधी हलगर्जीपणाचे दावे झालेले असण्याचं प्रमाण जास्त निघालं. हुकमी सुराने दावा होतोच असं यातून निघत नाही. पण शब्द काढून टाकले तरी काहीतरी उरतं, एवढं कळतं.

वाईट बातमी कशी सांगायची?

इथे मी नाटक सोडून कीर्तनाकडे जातो. नारदीय कीर्तनात बुवा एकदम कथेला हात घालत नाहीत. आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग आणि त्याचं निरूपण. मन तयार झालं की उत्तररंगात आख्यान. कॅन्सरच्या पेशंटशी बोलण्यासाठी डॉक्टरांनी २००० साली सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. एकांतात बसा, त्याला काय माहीत आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, भावनेला जागा द्या, पुढचं ठरवा. पहिल्या तीन पायऱ्या निव्वळ पूर्वरंग आहेत. आपण मात्र थेट आख्यानाने सुरुवात करतो, तेही बहुतेक वेळा कॉरिडॉरमध्ये.

मात्र पूर्वरंग लांबवू नका. टेबलावर रिपोर्टचं पाकीट असताना तुम्ही हवापाण्याबद्दल बोललात, तर पेशंटला त्यातच बातमी कळते. एक वाक्य पुरतं: "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही." आणि मग पॉज. हा पॉज धरणं सगळ्यात अवघड. नवा नट शांततेला घाबरतो, त्याला वाटतं प्रेक्षक म्हणतील हा वाक्य विसरला. नवा डॉक्टरही घाबरतो आणि ती जागा केमोच्या सायकलींनी, औषधांच्या नावांनी भरून काढतो. समोरच्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नसतं. गप्प बसा. पाण्याचा ग्लास सरकवा. आधी त्याला बोलू द्या.

आपल्याकडे आणखी एक पात्र असतं: मुलगा. तो आधी केबिनमध्ये येतो, दार लावतो आणि म्हणतो, "बाबांना सांगू नका." परदेशी पुस्तकं इथे फार उपयोगी पडत नाहीत. मुलाला लबाड ठरवू नका, तो घाबरलेला असतो. आणि बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं, मुलाला कळू नये म्हणून ते गप्प असतात. दोघेही एकमेकांसाठी नाटक करत असतात आणि तुम्हाला त्यात भूमिका देऊ बघतात. मी ती घेत नाही. मुलाला सांगतो, मी आपणहून काही बोलणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. मग बाबांनाच विचारतो, "तपासण्यांचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" काहीजण खरंच म्हणतात, त्याच्याशी बोला. तोही त्यांचा हक्क.

आणि एक्झिट. "बघू" म्हणून उठू नका. "गुरुवारी अकराला या, मी आहे." पेशंट तो गुरुवार धरून ठेवतो.

मी दमलेलो असतो. आतून काही वाटतच नाही. तेव्हा?

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला आणि गंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मला ती सांगताना थोडी भीतीही वाटते, कारण तिचा उपयोग राबवून घेण्यासाठी करता येतो.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला: न वाटताही काळजीने वागता येतं आणि ते खोटं नसतं. नट रोज खरंखुरं दुःख होऊन रडत नाही. तो पात्राच्या परिस्थितीत स्वतःला ठेवतो, मी तिथे असतो तर, असं विचारतो, आणि शरीर मागून येतं. तुम्हीही केसपेपरवरचा पत्ता वाचा. कुठल्या वाडीवरून, किती एसट्या बदलून ही बाई आली असेल? दहा सेकंद एवढाच विचार करा. वरवरचं हसू चिकटवण्यापेक्षा हे कमी दमवतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरा भाग: छत्तीस तास ड्युटी केलेल्या रेसिडेंटला अभिनयाची कार्यशाळा नको, झोप हवी. एका संस्थेने मला अशाच मुलांसमोर सहानुभूतीवर बोलायला बोलावलं होतं. पहिल्या रांगेतली दोघं बसल्याजागी झोपली. मी आवाज खाली आणला आणि सत्र वीस मिनिटं आधी संपवलं. त्या दिवशीचं माझं तेच सगळ्यात चांगलं काम.

भोंदू बाबाही हेच करतो की! मग फरक काय?

फार चांगला प्रश्न, आणि फार कमी वेळा विचारला जातो. बाबा उत्तम नट असतो. तो नाव लक्षात ठेवतो, हातावर हात ठेवतो, पूर्ण ऐकतो. पेशंट त्याच्याकडे मूर्ख म्हणून जात नाही. आपण न दिलेलं काहीतरी त्याला तिथे मिळतं.

फरक असा की बाबाला कधीच शंका नसते. डॉक्टर म्हणू शकतो, "मला अजून नक्की कळलेलं नाही, ही तपासणी करून बघू, चुकलो तर बदलू." बाबाचा विश्वास प्रश्न विचारल्याबरोबर मोडतो, आपला प्रश्नांनी वाढायला हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. लागू या दोन डॉक्टरांनी गावोगाव 'विवेकजागर'चा वाद-संवाद केला तो असा. लागू देव नाकारत, दाभोलकर वेगळी भूमिका घेत, आणि दोघांचे मतभेद लोकांसमोर मांडले जात. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्याने बाबाला चाप बसेल, पण पेशंट आपल्याकडे यायला आपली खुर्चीही जरा माणसाळलेली लागेल.

"या डॉक्टरांना हातगुण आहे" असं लोक म्हणतात, त्यावरही एक शब्द. हातगुण ऐकून सुखावू नका. गुण आला तो कधी औषधाचा, कधी आजाराच्या स्वभावाचा असतो. पण तुमच्याकडे आल्यावर माणसाला बरं वाटतं, एवढी कबुली त्यात असते. ती वाया घालवू नका, आणि तिच्या जोरावर नको ती सलाईनही लावू नका.

नातेवाइकांचा जमाव चालून येतो तेव्हा हे सगळं काय कामाचं?

थोडंच. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी प्रकार थांबलेले नाहीत. सुरक्षारक्षक आणि बंद दार याला पर्याय नाही. नटाकडून इतकंच घ्या: प्रेक्षागृह चिडलं की सगळ्यांशी एकदम बोलू नये. एक चेहरा शोधा, बहुधा मागे उभी असलेली एखादी मावशी किंवा वयस्क काका, आणि त्यांच्याशी हळू आवाजात बोला. आणि दर दोन तासांनी, वाईट बातमी नसतानाही, बाहेर येऊन काय चाललंय ते सांगत जा. जमाव बऱ्याचदा शांततेतून तयार होतो. आत काय चाललंय हे कोणी सांगितलंच नाही, त्या शांततेतून.

विनोद चालतो का?

तमाशातला सोंगाड्या टिंगल करतो ती पाटलाची, सावकाराची आणि स्वतःची. तुमच्या केबिनमध्ये पाटील तुम्ही आहात. स्वतःच्या अक्षरावर खुशाल हसा. पेशंटच्या वजनावर नाही.

मास्कमागून चेहरा दिसत नाही, मग?

२०१५ साली लायबेरियात इबोलाच्या साथीत मेरी बेथ हेफर्नन या महिला कलाकाराने डॉक्टर-नर्सचे हसरे फोटो त्यांच्या संरक्षक पोशाखावर चिकटवायची कल्पना राबवली. कोविडमध्ये आपल्याकडेही काहींनी तसं केलं. फोटो नसेल तर डोळे, हात आणि पुन्हा एकदा, नाव.

हे कॉलेजात शिकवतात का?

आता शिकवतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. कल्पना जुनी आहे. हॉवर्ड बॅरोज या न्यूरोलॉजिस्टने १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला आजाराची लक्षणं शिकवून 'पेशंट' केलं आणि विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलच्या पद्धतीचं नाट्यही झालंय. त्यात बघणारा उठतो, प्रसंग थांबवतो आणि पात्राच्या जागी जाऊन वेगळं वागून बघतो.

मी स्वतः असा खोटा पेशंट अनेकदा झालोय. सगळ्यात शिकवून गेलेला प्रसंग साधा होता. एका हुशार मुलीने मला इन्सुलिन सुंदर समजावलं आणि शेवटी विचारलं, "समजलं ना काका?" मी हो म्हणालो. भूमिकेतून बाहेर आल्यावर तिला सांगितलं, मला काहीच समजलं नव्हतं, पण तू इतकी मनापासून सांगत होतीस की नाही म्हणवेना. दुसऱ्या फेरीत तिने वाक्य बदललं: "घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, ते मला सांगून दाखवा." मी जे सांगितलं ते ऐकून ती कपाळावर हात मारून हसली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

कार्यशाळा न करता उद्यापासून काय करता येईल?

खुर्ची. पेशंटची खुर्ची टेबलापलीकडे असेल तर ती टेबलाच्या कोपऱ्याशी घ्या. मग दिवसातला फक्त पहिला पेशंट निवडा आणि त्याला दीड मिनिट तोडू नका, भिंतीवरच्या घड्याळावर बघून. आठवडाभराने दोन पेशंट. मोबाईल ड्रॉवरमध्ये. माझा कंपाउंडर मधे मधे आत डोकावायचा, त्याला मी सांगून ठेवलंय: दार लोटलेलं असेल तर पहिला अंक चालू आहे.